पाहुणे गेले म्हणता, मग मोरजीला हे तांबूस छातीचे कोण?

मार्च उजाडला की गोव्यातल्या मोबाईलांवर एक मजकूर फिरू लागतो. सारांश असा: ऊन वाढलं म्हणून परदेशी पक्षी पळाले, इथे अंडी घालून पिल्लं मोठी झाली, त्यांचं काम संपलं, तळी आटली, आता पावसाळ्यापर्यंत पाहण्यासारखं काही नाही. आणि शेवटी एक ओळ: या सुक्या जागा नुसत्या पडून राहण्यापेक्षा त्यांचा विकास व्हावा. ही ओळ नसती तर बाकीचं मी हसून सोडून दिलं असतं.

त्यात थोडं खरं आहे, ते आधी मान्य करतो. बदकं जातात. तलवार बदकं, थापट्या यांची करमळीच्या तळ्यावर जानेवारीत दिसणारी गर्दी एप्रिलमध्ये नसते. पाणपक्षी म्हणजे बदकं, एवढंच ज्याच्या डोक्यात असतं त्याला तळं रिकामं वाटणारच.

पण उन्हाने पळाले, हे काही पटत नाही. आपल्या किनाऱ्यावर समुद्रवाऱ्यामुळे एप्रिलचं कमाल तापमानही बहुधा ३३-३४ अंशांच्या आसपास राहतं. त्याने घाबरून हजारो किलोमीटर उडायला कोण निघेल? पक्ष्याला निघायची वेळ कळते ती मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. गोव्यात डिसेंबरच्या आणि जूनच्या दिवसात दीड तासाहून जास्त फरक असतो. दिवस वाढू लागला की शरीरातले संप्रेरकांचे प्रवाह बदलतात, भूक वाढते, चरबी साठू लागते, पिसं बदलतात. वाटखर्चाची ही चरबी पुरेशी झाली की पक्षी उडतो. म्हणजे मार्च-एप्रिल हा त्यांच्या जेवणाचा हंगाम आहे, आणि जेवण कुठे, तर शापोरा नदीच्या मुखाशी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात, आगरवाड्याच्या मिठागरांत, तिसवाडीच्या खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींत. मिठागरं तर याच दिवसांत चालू असतात. एकीकडे मीठ ओढलं जातं, दुसरीकडे वाफ्यांत छोटे टिलवे, हे चिखलात खाणारे चिमुकले पक्षी, टोचत फिरतात.

‘पाहण्यासारखं काही नाही’ याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण माझ्या मते वर्षातली सगळ्यात मजेची पक्षीनिरीक्षणं याच आठवड्यांत होतात. डिसेंबरमध्ये मोरजीच्या किनाऱ्यावर वाळूचिखल्या या छोट्या पक्ष्यांचे थवे पाहिले तर सगळे मातकट-पांढरे, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे. तेच एप्रिलमध्ये तांबूस छाती आणि डोळ्यांवर काळी पट्टी घेऊन उभे असतात. सोनेरी चिखल्याचं पोट काळंभोर होतं, बाकचोच तुतारीला विटेचा रंग चढतो. कुरवांचं (इंग्रजीत ‘गल’) थंडीतलं डोकं पांढरं, डोळ्यामागे फक्त एक डाग. शिगम्याच्या सुमारास ते तपकिरी टोपडं घालून बसतात.

पिवळा धोबी या पक्ष्याची गंमत याहून मोठी. हिवाळ्यात शेतात फिरणारे हे सगळे फिकट, कोण कुठला ते सांगणं कठीण. वसंतात नरांची डोकी रंगू लागतात: कुणाचं काळं, कुणाचं गडद राखी, कुणाचं फिकट निळसर आणि वर पांढरी भुवई. ही वेगवेगळ्या उपप्रजातींची खूण आहे. काळ्या डोक्याचा बाल्कन ते मध्य आशिया या पट्ट्यातला, राखी डोक्याचा स्कँडिनेव्हिया ते सायबेरियाच्या उत्तरेचा. एकाच बांधावर दोघे शेजारी चरताना दिसू शकतात. गाव विचारायची सोय फक्त या काही आठवड्यांपुरती.

अंडी घालायला इथे येतात, हे तर सरळ उलटं आहे. हिवाळी पाहुणे विणीसाठी उत्तरेला जातात, इथे फक्त खातात आणि दिवस काढतात. ‘परदेशी’ हा शिक्काही सगळ्यांना चालत नाही: वाळूचिखल्या आणि तपकिरी डोक्याचा कुरव लडाखमध्येही वीण करतात. शिवाय सगळेच जात नाहीत. कुरल, वाळूचिखल्या अशा पक्ष्यांतले पहिल्या वर्षाचे तरुण बरेचदा उत्तरेला न जाता अख्खा उन्हाळा किनाऱ्यावरच राहतात. वीण करायचं वय झालेलं नसताना एवढी पायपीट (पंखपीट म्हणा) कशाला?

आता ती तळी. करमळी, कुडतरीचं मैना, कुडचड्याचं नंदा ही तळी आपल्या शेतीच्या पाण्याशी बांधलेली आहेत. पावसात भरायची, मग वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातपिकाला, पाणी द्यायचं, उन्हाळ्यात उथळ व्हायचं, हा त्यांचा वार्षिक क्रम. पाणी उतरलं की काठचा चिखल उघडा पडतो आणि खोल पाण्यात ज्यांना काहीच मिळत नव्हतं त्या लांब पायांच्या, लांब चोचींच्या पक्ष्यांना ताट वाढलं जातं. नंदा तळं २०२२मध्ये गोव्याची पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरलं, आणि त्याचा मोठा भाग अधूनमधून भरणारी-आटणारी गोड्या पाण्याची दलदलच आहे. पाणथळींसाठीच्या १९७१च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या व्याख्येत तात्पुरत्या पाणथळी स्पष्टपणे येतात. आपल्याकडच्या २०१७च्या पाणथळ नियमांनी मात्र भातशेती, मिठागरं आणि सिंचनासाठी बांधलेली तळी व्याख्येबाहेर ठेवली. म्हणजे ज्या जागांवर हे पक्षी वाटखर्च जमवतात, त्यांतल्या बऱ्याच जागांना त्या नियमांचं छत्र नाही. अशा वेळी ‘सुकं, रिकामं, बिनकामाचं’ हे शब्द कुणाच्या उपयोगाचे असतात हे सांगायला नको.

सुक्या जागाही रिकाम्या नसतात. टिटवी आणि शेकाट्या याच महिन्यांत उघड्या जमिनीवर, तळ्याच्या काठावर अंडी घालतात. खड्यांच्या रंगाची ती अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. कमळपक्षी आणि अडया (ही न जाणारी बदकं) बारमाही इथल्याच.

जायचं असेल तर मोरजीला भरतीच्या आधी पोचा, पाणी चढतं तसे पक्षी वाळूच्या उरलेल्या पट्ट्यावर जवळजवळ येऊन बसतात. चोडणला रायबंदरहून फेरीने जा. तिथल्या सलीम अली अभयारण्यात खारफुटीच्या कडेचा चिखल पाहायचा तर ओहोटी गाठा. कुत्रा बरोबर असेल तर दोरीला बांधा. थवा पुन्हापुन्हा उडवला की महिनाभर साठवलेली चरबी तिथेच खर्च होते.