घरात टस्कनी आणा, फोडणी तेवढी बंद करा

बेळगावात बसून इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या खेड्यासारखं स्वयंपाकघर हवंय? हवंच. आधी गावाकडचं घर पाडा. सागवानी तुळया, खानापुरी कौलं, जातं, सगळं मिळेल त्या भावाला काढून टाका. मग शहरातल्या फ्लॅटच्या स्लॅबला फोमच्या पोकळ तुळया चिकटवा. वाळवी लागत नाही. वाजवून मात्र बघू नका.

गॅसमागच्या भिंतीलाही चुन्याचाच गिलावा करा, टाइल कशाला? नव्या चुन्यावर हळदीचं तेल उडालं की लाल ठिपके उठतात. कुंकू तरी वेगळं कशाचं करतात?

फडताळांना दारं नकोत. तेलकट पुटं चढली की जुनेपणा फुकट.

ओट्याला इटलीतल्या करारा गावचा पांढरा संगमरवर. लिंबू, चिंच, कोकम, काहीही सांडलं की वाटीचा गोल उमटतो. घासून जात नाही, कारण तो डाग नसतोच. तिथला दगड आंबटानं खाल्लेला असतो.

चिमणीवर विटांची भली मोठी टोपी बांधा आणि आत ६ इंचांऐवजी ४ इंची नळी घालून तिला तीन कोपरे द्या. मिरचीचा ठसका हॉलपर्यंत पोचला पाहिजे.

आता फरशी. इथं मन लावून चुका. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या इम्प्रुनेताची भाजकी माती नावाजलेली, आपल्याकडं खानापूरची. पण खानापूर जवळ पडतं, म्हणून ते नको. ‘टेराकोटा’ नावानं जे खोक्यातून येईल ते घ्या. बसवायचं जुलैत, जमीन ओलीचिंब असताना. सीलरचं, म्हणजे फरशीत पाणी-तेल मुरू न देणाऱ्या लेपाचं, विचारलंत तर मेस्त्री म्हणेल, “लागत नाही साहेब, नंतर बघू की.” ऐका त्याचं. सांध्यात भरायचं सिमेंट तो कोऱ्या फरशीवर फासेल, सच्छिद्र माती ते पिऊन घेईल आणि वर पांढरी साय धरेल. मग येते ॲसिडची बाटली. ओतू द्या! ॲसिड आत मुरतं, सिमेंटमधल्या चुन्याशी मिळून क्षार होतात, पाण्याबरोबर वर येतात, फरशी परत पांढरी. परत ॲसिड. परत पांढरी. शेवटी त्या ओल्या फरशीवरच चकचकीत लॅकर मारतात, ओल आत कोंडते, महिन्याभरात पोपडे. तोवर बिल चुकतं झालेलं असतं, आणि फोन केला तर उत्तर ठरलेलं: “मातीचं हाय, असंच असतंय.”

असंच नसतंय! कोऱ्या फरशीला आधी सीलरचा एक हात द्यायचा, म्हणजे सिमेंट धरत नाही. सांधे ८-१० मिलिमीटर ठेवायचे, थोडे थोडे भरायचे आणि लगेच ओल्या स्पंजानं पुसायचं. मग महिना-दीड महिना फरशी उघडी सुकू द्यायची. लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, वर आला तर कोरड्या ब्रशनं झाडायचा. पाणी नाही, आणि ॲसिड तर मुळीच नाही. प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीनं बंद करून दोन दिवस ठेवायचा. आत दव धरलं तर अजून थांबा. कोरडं निघालं तर मुरणारा, पाणी आणि तेल दोन्ही अडवणारा सीलर लावा. जवसाचं तेल आणि मेण ही जुनी रीत हवी असेल तर पहिल्यापासून तीच धरा, दोन्हीची भेसळ नको. (तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा.) शेवटी पाण्याचा थेंब टाकून बघा. खालची फरशी काळवंडली तर आणखी एक हात.

एवढं ज्या डिझायनरला येत नाही तो चित्रं काढायचे पैसे कशाचे घेतो? आणि तुम्हाला तरी काय म्हणायचं? शहापुरात साडी घेताना पदर उलटून चारदा बघता, दुकानदाराला घाम फोडता. लाखाची फरशी घेताना पाण्याचा एक थेंब टाकून बघायला काय झालं होतं?