स्टेडियम बघताय? मग कुंपणाबाहेरचं बघा

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या रायन फील्ड या नव्या स्टेडियमच्या बांधकामाचा एखादा ड्रोन व्हिडिओ आला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर दुसरा विषय नसतो. "पश्चिमेची क्रेन हलली बघ", "छताचं काम आलं वाटतं". सगळे पन्नाशीच्या आसपासचे, पगारी, संसारी लोक. पण जेसीबी दिसला की थांबून बघायचं हे आपल्या रक्तातच आहे, त्याला इलिनॉय काय करणार? मीही त्यातलीच. मास्टर्स तिथेच केलं, त्यामुळे विद्यापीठाचा जांभळा रंग अंगात भिनलाय. पण या सगळ्या कौतुकात एक गोष्ट मला खुपतेय.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलला (हा हातात धरून पळायचा फुटबॉल) इतकी गर्दी असते की मिशिगन, पेन स्टेट, ओहायो स्टेट या विद्यापीठांची स्टेडियम्स प्रत्येकी लाखाच्या वरची आहेत. आमचं नॉर्थवेस्टर्न त्यांच्याच गटात, बिग टेन नावाच्या लीगमध्ये खेळतं, पण शिकागोला लागून असलेल्या इव्हान्स्टनमध्ये, चक्क घरांच्या वस्तीत. १९२६ सालचं जुनं स्टेडियम ४७ हजारांचं होतं. ते २०२४ मध्ये पाडलं आणि त्याच जागी आता ३५ हजारांचं नवं उभं राहतंय. म्हणजे साधारण आपल्या वानखेडेएवढं. खर्च ८५ कोटी डॉलरच्या वर, त्यातला मोठा वाटा एऑन या विमा कंपनीचे संस्थापक पॅट रायन यांच्या कुटुंबाचा. जास्त पैसे देऊन कमी खुर्च्या, यावर आमच्यात बरीच थट्टा झाली. मला विचाराल तर निर्णय शहाणपणाचा आहे. ओहायो स्टेट आली की जुन्या स्टेडियममध्ये आपण पाहुणे आणि लाल शर्टवाले यजमान, असं चित्र असायचं.

तर खुपणारी गोष्ट अशी की आम्ही सगळे फक्त लोखंड बघतो. छत किती पुढे आलं, स्क्रीन केवढी असणार, बायकांच्या टॉयलेटची रांग तरी आता कमी होणार का (हा प्रश्न माझाच, आणि तो मी मागे घेणार नाही). स्टेडियमच्या भोवतालच्या जमिनीचं काय, झाडं कुठे, कोणती, कशी लावणार, हे एकदाही कोणी विचारलेलं मला आठवत नाही. लँडस्केपिंग म्हणजे शेवटच्या महिन्यात येऊन कोणीतरी हिरवा गालिचा अंथरून जातो, अशीच सगळ्यांची समजूत.

आता हिशेब मांडा. घरचे सामने वर्षाला सहा-सात. उरलेले दिवस ते स्टेडियम बघायचं कोणी? अ‍ॅशलंड अ‍ॅव्हेन्यूवरच्या आणि इसाबेला स्ट्रीटपलीकडच्या विल्मेट या शेजारच्या गावातल्या लोकांनी. या लोकांनी प्रकल्पाला कडाडून विरोध केला होता, विशेषतः तिथे जाहीर संगीत कार्यक्रम करायला. नोव्हेंबर २०२३ मध्ये नगर परिषदेत त्या मुद्द्यावर मतं समसमान पडली आणि महापौर डॅनियल बिस यांच्या मतानं वर्षाला सहा कार्यक्रमांची परवानगी मिळाली. इतकं अटीतटीचं होतं. अशा वेळी शेजाऱ्यांना काय दाखवून पटवतात? आवाज आणि उजेड अडवणारं छत, सगळ्यांना खुली हिरवी जागा, आणि संगणकावर काढलेली सुंदर चित्रं. त्या चित्रांत झाडं नेहमी पंचवीस वर्षांची असतात. प्रत्यक्षात ट्रकमधून उतरतं ते मनगटाएवढं रोप.

आणि विद्यापीठाच्या शब्दाचं म्हणाल तर या जागेचा इतिहासच आहे. जुन्या स्टेडियमचं मूळ नाव डाइश स्टेडियम. हे नाव कधीही बदलायचं नाही, असा विश्वस्तांचा १९२६ चा ठराव होता. १९९७ मध्ये रायन फील्ड नाव दिलं तेव्हा सांगण्यात आलं की आधीच्या मंडळाचा ठराव आताच्या मंडळावर बंधनकारक नाही. कायद्यानं बरोबरच असेल. पण मग शेजाऱ्यांनी चित्रातल्या झाडांवर किती विसंबायचं?

मी झाडांच्या एवढी मागे का लागले, त्याचं कारण आमची कॉलनी. बिल्डरनं घरांबरोबर रस्त्याच्या कडेला छान मेपल लावून दिले होते. तिसऱ्या उन्हाळ्यात एकेक वाळायला लागला. माझ्या दारचा काढायला माणूस आला, त्यानं खणून दाखवलं. मुळांच्या गड्ड्याभोवतीची तारेची जाळी तशीच, गोणपाटही तसंच, आणि खोडाला बांधलेला नायलॉनचा पट्टा सालीत रुतलेला. वर मातीचा आणि लाकडाच्या भुशाचा हा एवढा ढीग, त्यात अर्धं खोड गाडलेलं. त्यानं कुदळ बाजूच्या जमिनीत मारली तर ठण्ण आवाज आला. घरं बांधताना त्यावरून दोन वर्षं यंत्रं फिरली होती. शिकागो परिसरातली माती मुळात चिकण, ती दाबली गेली की पाणीही मुरत नाही आणि मूळही शिरत नाही. झाड कुंडीत लावल्यासारखं त्या खड्ड्यातच गुदमरतं.

आता रायन फील्डवर किती वजनाच्या क्रेन किती महिने फिरल्या असतील, ते आम्हीच तर रोज मोजत होतो! तीच जमीन झाडांच्या वाट्याला येणार. ती खोलवर मोकळी केली, चांगली माती घातली, पहिली दोन-तीन वर्षं नेमानं पाणी दिलं, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ मुळांपाशी साचू दिलं नाही, तर सावली मिळेल. नाहीतर उद्घाटनाच्या फोटोपुरती हिरवळ.

कोणी म्हणेल, आम्ही फॅन, आम्हाला टचडाउनशी मतलब. असं? मग २०२४ आणि २०२५ चे हंगाम आठवा. पाडकामामुळे काही सामने शिकागोच्या रिग्ली फील्ड या बेसबॉलच्या मैदानावर गेले आणि बाकीचे थेट लेक मिशिगनच्या काठावर, बारा हजारांच्या आसपासच्या तात्पुरत्या स्टेडियममध्ये. बाकडी पत्र्याची, वारा हाडं गोठवणारा. तरी प्रत्येक जण परत येऊन काय सांगत होता? "अगं, मागे तळं काय दिसतं!" स्कोअर विचारल्यावर आठवायला लागायचा. ८५ कोटींचं काहीही नसताना लोक त्या जागेच्या प्रेमात पडले, ते तिच्या आजूबाजूला जे होतं त्यामुळे. तसं तळ्याशी आमचं नातं जुनंच. १९८२ मध्ये सलग ३४ पराभवांनंतर एकदाचे जिंकलो, तेव्हा पोरांनी गोलपोस्ट उपटून, शहरातून मिरवत नेऊन तळ्यात टाकले होते.

पैशाचंही बोलायला हवं. २०२५ मध्ये केंद्र सरकारनं विद्यापीठाचा संशोधन निधी गोठवला आणि शेकडो पदं कमी झाली, स्टेडियमचं काम मात्र चालू राहिलं. देणगी त्याच कामासाठी दिलेली होती, ती पगाराकडे वळवता येत नाही, हे कळतं. पण ज्यांची नोकरी गेली त्यांना ते कसं दिसलं असेल, हेही कळतं. निदान एवढा पैसा ओतून जे उभं राहतंय, त्याचा बाहेरचा भाग तरी तिकीट न काढणाऱ्या माणसाच्या उपयोगी पडावा.

म्हणून ग्रुपवरच्या समस्त क्रेनतज्ज्ञांना विनंती. २०२६ च्या हंगामात हे नवं स्टेडियम उघडायचंय, म्हणजे बर्फ वितळला की बाहेरच्या कामाला वेग येणार. स्टेडियमजवळच्या सेंट्रल स्ट्रीटवरून जाणं झालं तर स्क्रीनचा फोटो नको, झाडाच्या बुंध्याचा टाका. बुंधा जमिनीलगत थोडा पसरट दिसला तर झाड नीट लावलंय. विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत गेलेला दिसला तर खोल गाडलंय, मग विद्यापीठाला मेल लिहायची, मसुदा मी देते. पार्किंगच्या भानगडीत पडू नका, पर्पल लाइनच्या लोकलनं या. आणि फोटो काढून झाले की शेजारच्या मस्टर्ड्स लास्ट स्टँडमध्ये हॉट डॉग खा, शाकाहारी मंडळींनी फ्राइजवर भागवा.