ट्रिप्सिन शत्रू, मग कॅप्सूलमध्ये कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

स्वादुपिंडाच्या सुजेवर (पँक्रियाटायटिस) मी लिहिलेल्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री लॅबमधून घरी आल्यावर वाचली. तुम्ही म्हणता, "पाचक विकरंच (एन्झाइम) स्वादुपिंड जाळतात असं लिहून तुम्ही लोकांना घाबरवता. मग मेहुण्याला तीच विकरं कॅप्सूलमधून का चालू आहेत? त्याला सूज आली तेव्हा त्याच्या रक्तातलं अमायलेज (पिष्ट पचवणारं विकर) चार दिवसांत उतरलं, तरी आयसीयूतून का हलवलं नाही? नाशिकची झणझणीत मिसळ बंद केली तर निम्मे पेशंट कमी होतील."

आधी माझी चूक मान्य करते. ट्रिप्सिन म्हणजे प्रथिनं तोडणारं पाचक विकर. 'ट्रिप्सिन जागं झालं की सूज आली' एवढंच मी लिहिलं होतं. ते अर्धवट होतं.

स्वादुपिंड रोज लिटर-दीड लिटर पाचक रस तयार करतं. त्यातलं प्रथिनं तोडणारं विकर कुलूपबंद असतं, त्याला ट्रिप्सिनोजेन म्हणतात. कुलपाची किल्ली, म्हणजे एंटेरोकायनेज, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अस्तरात असते. तिथे पोचल्यावर कुलूप उघडतं, ट्रिप्सिन तयार होतं आणि तेच पुढे बाकीच्या कुलूपबंद विकरांना जागं करतं. वाटेत चुकून थोडं जागं झालंच, तर त्याला धरून ठेवणारं एक प्रथिनही स्वादुपिंडानं सोबत दिलेलं असतं.

आता पित्ताचा खडा सरकत येऊन नळीच्या तोंडाशी अडकला, की रस बाहेर पडत नाही. पेशींमध्ये कॅल्शियम वाढतं, विकरांच्या पुड्या आणि पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशव्या एकमेकींत मिसळतात. त्या पिशव्यांमधलं कॅथेप्सिन बी नावाचं विकर ट्रिप्सिनोजेनचं कुलूप तिथेच तोडतं. स्वादुपिंड स्वतःलाच पचवतं, हे विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी १८९६ मध्ये मांडलं. बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, पिढ्यान्‌पिढ्या हा आजार असलेल्या घराण्यांत ट्रिप्सिनोजेनच्या जनुकातच दोष सापडला. त्या दोषामुळे जागं झालेलं ट्रिप्सिन वेळेवर मोडून टाकता येत नाही.

पण प्रयोगात ट्रिप्सिनोजेनचा एक प्रमुख प्रकार काढून टाकलेल्या उंदरांनाही सूज आलीच. पेशी कमी मेल्या, दाह मात्र झाला. म्हणजे पेशीला इजा झाली की रोगप्रतिकारक यंत्रणा वेगळ्या वाटेनंही पेटते, आणि एकदा पेटली की नुसतं ट्रिप्सिन आवरून भागत नाही. विकरं रोखणाऱ्या औषधांनी निराशा केली, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

चरबी तोडणाऱ्या विकराची, लायपेजची, गोष्ट तर अजून वेगळी. त्याला कुलूपच नसतं. पेशी फुटून ते बाहेर आलं की आजूबाजूची चरबी तोडतं, त्यातली आम्लं कॅल्शियमशी जुळतात आणि अक्षरशः साबण तयार होतो. पोट उघडल्यावर सर्जनना चरबीवर मेणबत्तीच्या थेंबांसारखे पांढरे ठिपके दिसतात ते हेच. तिकडे रक्तातलं कॅल्शियम घसरतं.

आता कॅप्सूल. मोठा आजार होऊन गेल्यावर स्वादुपिंडाचा बराच भाग कामातून गेलेला असू शकतो. विकरं पुरेशी बनत नाहीत, तेलकट शौचाला होते, वजन उतरतं. कॅप्सूलमधल्या दाण्यांवरचं आवरण जठरातल्या आम्लाला दाद देत नाही, आतड्यात गेल्यावर उघडतं. म्हणजे विकर जिथे जागं व्हायला हवं तिथेच पोचतं. ती सूज उतरवण्यासाठी दिलेली नसते. मेहुण्यांना सांगा, पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवून दोन तासांनी नाही. दाणे चावायचे नाहीत.

अमायलेजचा आकडा निदानाला उपयोगी, आजार किती गंभीर आहे हे त्यावरून ठरत नाही. तो तीन-पाच दिवसांत उतरतोच, आत मेलेला भाग तसाच असतो. गेल्या पावसाळ्यात सेंट्रिफ्यूजमधून एक नळी काढली तर सीरम दुधासारखं पांढरं. रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, हजाराच्या पार, पेशंट पोट धरून कळवळत होता आणि अमायलेज नॉर्मल! चरबीमुळे मोजणी चुकत होती; सीरम पातळ करून पुन्हा लावलं तेव्हा खरा आकडा दिसला. त्या दिवसापासून मी अमायलेजच्या नुसत्या आकड्यावर विसंबत नाही.

मिसळीचं म्हणाल तर तिखटानं हा आजार होतो याला आधार नाही. मुख्य कारणं दोन, पित्ताचे खडे आणि दारू. आपल्याकडे द्राक्षं पिकतात म्हणून 'वाइन म्हणजे काही दारू नव्हे' असं सर्रास ऐकू येतं. स्वादुपिंडापुरतं सांगते, त्यातही अल्कोहोलच असतं.

मेहुण्यांच्या सोनोग्राफीत खडे होते का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असतील तर पित्ताशय काढायचं तेव्हा आयसीयूमुळे पुढे ढकललं असेल, ते नंतर राहून तर गेलं नाही ना, एवढं या आठवड्यात सर्जनना विचारा. जुन्या पोस्टमधली ती ओळ मी आजच बदलते आहे.