‘बारीक गोळी’विषयीच्या संदेशाचा प्रतिवाद

देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: झोपेसाठी किंवा घाबरेपणासाठी डॉक्टर जी बारीक गोळी देतात, ती प्रत्यक्षात ‘वेड्यांची गोळी’ असते, ती एकदा लागली की जन्मभर सुटत नाही, म्हणून आजच फेकून द्या, डोस लहान असल्याने काहीही होणार नाही, आणि फेकल्यावर झोप उडालीच, तर व्यसन लागले होते असे समजा. जी गोळी जन्मभर सुटत नाही तीच आज निर्धास्त कशी फेकता येते, हे संदेश लिहिणाऱ्याला जाणवलेले दिसत नाही. औषधाच्या दुकानात अनेक वर्षे काढल्यामुळे या संदेशाचे परिणाम मला दारातच दिसतात, म्हणून हे उत्तर.

पहिल्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. या बारीक गोळ्यांत पुष्कळदा असणारी क्वेटियापीन, ओलान्झापीन, रिस्पेरिडोन ही मनोविकारविरोधी औषधे आहेत, हे खरे. परंतु क्वेटियापीन तीव्र मनोविकारात दिवसाला ३०० ते ८०० मिलिग्रॅमपर्यंत दिले जाते, तर २५ मिलिग्रॅमची गोळी मुख्यतः शरीरातील हिस्टामिन या जागे ठेवणाऱ्या द्रव्याचे काम अडवून गुंगी आणते. केवळ झोपेसाठी ती देणे कितपत योग्य, यावर डॉक्टरांमध्येही आक्षेप आहेत आणि मला ते पटतात. मात्र नावाला भिणाऱ्यांनी घरातल्या अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलचे पाकीटही एकदा वाचावे. त्यात पुष्कळदा लेव्होसल्पिराइड असते, आणि तेही याच कुळातले आहे.

‘जन्मभर सुटत नाही’ हे साफ चूक आहे. माझ्याकडे एक सून सासऱ्यांची चिठ्ठी घेऊन येत असे. खुब्याच्या ऑपरेशननंतर इस्पितळात त्यांना भ्रम झाला होता, रात्री ते उठून गलबत लागले म्हणून ओरडत; तेव्हा सुरू झालेली क्वेटियापीनची गोळी भ्रम ओसरल्यावरही तीन महिने चालू होती. “ही गोळी कधी बंद करूची, ता कोणीच सांगूक नाय,” असे ती म्हणाली. अशा वेळी गोळी सुटत नसते असे नव्हे. ती थांबवण्याची तारीख कोणी लिहिलेली नसते. डॉक्टरांनी डोस निम्मा करून दोन आठवड्यांनी गोळी बंद केली. म्हातारबांनी तीन-चार रात्री कुरकुर केली, एवढेच.

तिसरा मुद्दा सर्वांत घातक, आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. चार-आठ दिवस घेतलेली लहान गोळी बहुधा एकदम थांबवता येते, पण काही आठवडे किंवा महिने घेतलेली गोळी उतरत्या डोसात थांबवणे बरे, कारण मेंदूतील ग्राहक, म्हणजे औषध जिथे चिकटून काम करते त्या जागा, एव्हाना तिच्या हजेरीशी जुळवून घेऊन बसलेल्या असतात. शिवाय डोस आणि परिणाम यांचे प्रमाण सरळ नसते: रिस्पेरिडोन चार मिलिग्रॅमवरून तीनवर आणताना जेवढा फरक पडतो, त्याहून कितीतरी मोठा फरक एकवरून शून्यावर जाताना पडतो. म्हणजे ‘आता उरलीच किती’ असे वाटणारी शेवटची पायरीच सर्वांत उंच असते. पुष्कळजण स्वतःच्या हिशेबाने दिवसाआड गोळी घेऊ लागतात. क्वेटियापीनचा अर्धा अंश सुमारे सात तासांत शरीरातून जातो, त्यामुळे या पद्धतीत दर दुसऱ्या दिवशी ती जणू एकदम सोडल्यासारखेच होते. आणि दीर्घ परिणामाची, म्हणजे एसआर किंवा एक्सआर लिहिलेली गोळी तोडू किंवा कुटू नये.

आता व्यसनाचे. गोळी सोडल्यावर काही दिवस झोप न येणे, मळमळ, घाम, अस्वस्थता हे औषध निघून जाण्याचे परिणाम असतात. त्यात औषधाची हाव किंवा डोस वाढवत नेण्याची ओढ नसते. जुना आजार परतला असाही निष्कर्ष लगेच काढू नये. सोडल्यानंतर थोड्याच दिवसांत सुरू होऊन हळूहळू ओसरणारा त्रास बहुधा सोडण्याचाच असतो. तो सोसवेना, तर आधीच्या डोसवर जाऊन अधिक सावकाश उतरता येते, अर्थात डॉक्टरांना विचारून.

संदेशात न आलेली एक गोष्ट मला अधिक काळजीची वाटते. त्याच चिठ्ठीवर अनेकदा क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम हे झोपेचे-घबराटीचे वेगळ्या कुळातले औषध असते. त्यांची खरोखर सवय लागते, आणि बराच काळ घेतल्यावर ती अचानक थांबवल्यास फेफरेही येऊ शकते. त्याही बारीकच गोळ्या असल्याने ‘आजच फेकून द्या’ या सल्ल्यात तीही जातात.

ज्यांना ही औषधे भास, संशय किंवा उन्माद यांसाठी दिली आहेत, त्यांनी बरे वाटले म्हणून डोस स्वतः कमी करू नये. त्यांचे वेळापत्रक वेगळे असते आणि बहुधा वर्षांत मोजावे लागते. गोळी सोडल्यानंतर दोन-तीन रात्री सलग अजिबात झोप नसेल, कानात आवाज येऊ लागले किंवा जीव देण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि खाडीपलीकडच्या वाडीतून तिथे पोहोचणे लगेच जमण्यासारखे नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. फोन करताना गोळीचे पाकीट आणि इस्पितळाचा कागद हाताशी ठेवावा; गोळीचे नाव, मिलिग्रॅम आणि ती कधीपासून चालू आहे, हे आधी विचारले जाते.