हरकत नोंदवायला आमची हरकत नाही

महापालिकेनं मलनिस्सारण कर वाढवायचं ठरवलंय आणि त्यावर चक्क तुमचं मत मागवलंय, हे वाचून तुमचा ऊर भरून आला असेल तर आधी घोटभर पाणी प्या. मी नुकताच या लोकसहभागातून सुखरूप बाहेर पडलोय. तुमच्या उपयोगी पडेल म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, नोटीस शोधायला शिका. ती पेपरात असते, पण बातम्यांत नाही. 'नावात बदल' आणि 'मूळ दस्त गहाळ' यांच्या मधल्या फटीत बघा. मुदत सात दिवस. त्यातून दुसरा शनिवार, रविवार आणि एक जयंती वजा करा.

अर्ज तीन प्रतींत. पेन आपलं आपण न्यावं.

दर कसा ठरतो हे समजून घेण्याच्या भानगडीत पडू नका. खाज असेलच तर ऐका. आमच्याकडे हा कर करयोग्य मूल्याच्या टक्क्यांत असतो. म्हणजे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती येतील, त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा, उरलेल्यावर टक्का. संडासात तुम्ही किती बादल्या ओतता याच्याशी त्याचा संबंध नाही; मोक्याच्या जागी राहणाऱ्याचा मैलाही मोक्याचा. मुंबईत निदान पाण्याच्या आकाराच्या ७० टक्के मलनिस्सारण आकार लावतात, आत किती आलं त्यावरून बाहेर किती गेलं असेल याचा अंदाज तरी. १९४९च्या महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे पुढच्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. आमची हरकतींची मुदत संपली १७ तारखेला. तीन दिवसांत सगळ्यांच्या मतांचा साकल्यानं विचार! उगाच प्रशासनाला संथ म्हणतो आपण.

२०२२ नंतर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार एकट्या प्रशासकाकडे होता, तेव्हा प्रस्ताव कोण मांडत होतं आणि मंजूर कोण करत होतं, हे विचारू नका. एकमत होतं, एवढं पुरे.

आता सुनावणी. वेळ सकाळी ११ची. डबा न्या. साहेब सव्वा वाजता आले, मधल्या वेळात शिपाईकाकांनी पंखा दोनदा बंद केला. माझा नंबर लागला तेव्हा साहेबांनी विचारलं, "हरकत दराला आहे की कराला?"

म्हटलं, "साहेब, आमच्याकडे ड्रेनेज लाइनच नाही."

"ते वेगळं खातं."

हद्दवाढीत आमचं गाव आत घेतलं, दुसऱ्या वर्षापासून बिलात 'मलनिस्सारण लाभ कर' आला. लाभ! दर गुरुवारी आमच्या सोसायटीत टँकर येतो. पार्किंगमधून काळा पाइप ओढत नेतात, टाकीचं झाकण पहारीनं उचकटतात, मोटार सुरू होते आणि चौथ्या मजल्यापर्यंत फोडणीचा वास हरतो. त्या टँकरचे पैसे आम्ही वेगळे देतो. टँकर भरला की मागच्या ओढ्यात रिकामा होतो. ओढा नदीला मिळतो आणि त्याच नदीच्या काठावर आपल्याच पैशांतून सुशोभीकरण चाललंय, बाकडी, दिवे, सेल्फी पॉइंट. एकाच घाणीचे तीनदा पैसे मोजतोय आपण, आणि मी त्या माणसासमोर उभा राहून विचारतोय की निदान लाइन जोडेपर्यंत हा एक रकाना बिलातून काढा, तर तो फोनवर कुणाला तरी लग्नाच्या हॉलचा पत्ता सांगतोय! नंतर पत्र आलं, 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' पत्रावरची तारीख सुनावणीच्या आदल्या दिवसाची.

भाचा कॅलिफोर्नियात असतो. तिथं १९९६च्या 'प्रपोझिशन २१८'नुसार अशा दरवाढीची नोटीस मालमत्तेमागे पोस्टानं पाठवावी लागते, सुनावणीच्या किमान ४५ दिवस आधी. निम्म्याहून जास्त मालमत्तांकडून लेखी हरकत आली तर दरवाढ बारगळते. मी हेव्यानं विचारलं, तुला आली का रे नोटीस? म्हणाला, "आली असेल मामा, तसली पाकिटं मी उघडत नाही."

म्हणजे तिकडेही तुम्हीच.

हो, तुमच्याशीच बोलतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ४१२ माणसं आहेत. सुनावणीची वेळ मी तीनदा टाकली. हात जोडल्याची चित्रं आली, 'खूप छान उपक्रम' आलं, आणि आलो आम्ही चौघं, त्यातले दोघं पेन्शनवाले. पार्किंगच्या एका पट्टीसाठी रात्री दीडपर्यंत भांडता आणि तीन प्रतींवर सही करायला वेळ नाही तुम्हाला? साहेबांनी हजेरीचा कागद बघून विचारलं, "एवढेच का?" काय उत्तर द्यायचं मी?

येत्या गुरुवारी खिडक्या लावून घेऊ नका. खाली या आणि टँकरच्या मागे स्कूटर घालून तो पाइप कुठं सुटतो ते बघा. मी बघितलंय. तुमच्या पोरांच्या शाळेची मागची भिंत तिथून दिसते.