वॉट विकू नका, आवाज किती ते सांगा!

गणेशोत्सव जवळ आला, की सोलापुरात मंडळांच्या बैठकीत ध्वनियंत्रणेचे दरपत्रक फिरू लागते आणि त्यावर ठळक अक्षरांत एकच आकडा असतो : ‘४० हजार वॉट’. हा आकडा सलग क्षमतेचा की क्षणिक कमाल क्षमतेचा, स्पीकरच्या पेटीची संवेदनशीलता (म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर ती किती आवाज देते) किती, कमाल आवाज किती अंतरावर मोजला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर नसते, आणि विचारले, तर “वॉट बघा की ओ साहेब, अजून काय पाहिजे तुम्हाला?” असे वर ऐकून घ्यावे लागते.

अहो, वॉट म्हणजे आवाज नव्हे! गाडीने किती पेट्रोल प्यायले ते सांगायचे आणि ती किती लांब गेली हे मात्र लपवायचे, असला हा व्यवहार आहे. १ वॉट दिल्यावर १ मीटरवर ९८ डेसिबल देणारी पेटी ५०० वॉटवर हिशेबाने १२५ डेसिबलपर्यंत जाते, कारण ५०० पट शक्ती म्हणजे केवळ २७ डेसिबलची भर. तेवढ्याच १२५ डेसिबलसाठी ९२ डेसिबलच्या पेटीला २००० वॉट ओतावे लागतात. म्हणजे चौपट वॉटची फुशारकी मारणारी पेटी प्रत्यक्षात चौपट वीज खाणारी असते, आणि भाडे मात्र तिचेच जास्त! शिवाय तासभर वाजून व्हॉइस कॉइल, म्हणजे स्पीकरचा पडदा हलवणारी तारेची गुंडाळी, तापली, की तिचा विद्युत रोध वाढतो आणि कागदावरच्या आकड्यातले काही डेसिबल गुपचूप गळतात, ते वेगळेच.

एकूण आवाजाची बेरीज तर विचारूच नका. एका टॉपचे (बेस सोडून वरचे सूर वाजवणाऱ्या पेटीचे) १२५ डेसिबल, मग चार टॉपचे ५०० डेसिबल, असे मला एका विक्रेत्याने डोळ्याला डोळा भिडवून सांगितले आहे. डेसिबल हे लॉगरिदमचे माप असल्याने दोन सारख्या पेट्यांनी साधारण ३ डेसिबल वाढतात आणि बेसच्या पेट्या एकमेकींना चिकटवून एकाच लयीत ढकलल्या, तर फार तर ६. याउलट मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की ६ डेसिबल कमी होतात. एवढा हिशेब करायला कागदाची पाठकोरी बाजूही पुरते.

मोजमापाच्या नावाखाली चालणारा तमाशा आणखी संतापजनक आहे. मोठ्या पेटीच्या तोंडाशी मोबाइल धरून ‘बघा, किती दाखवतोय’ म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसते, की चार मीटरवर मोजून त्यात १२ डेसिबल मिळवले, तरच १ मीटरचा भरवशाचा आकडा मिळतो, आणि अरुंद बोळातल्या भिंतींवरून परतलेला आवाज हा पेटीचा पराक्रम नसतो. कॅलिब्रेशन न केलेल्या, म्हणजे प्रमाणित मापकाशी ताडून न घेतलेल्या, मोबाइलवर विश्वास ठेवायचाच नाही. त्यातही ‘ए’ भारमान (कानाला कमी जाणवणारे सूर कमी धरणारी मोजणी) निवडलेले असेल, तर ५० हर्ट्‌झचा बेस सुमारे ३० डेसिबलने कमी दिसतो, म्हणजे खिडक्यांच्या काचा थरथरवणारा नेमका तोच आवाज आकड्यातून जवळजवळ गायब!

यावर नियमाचा विषय काढला, की सगळे हसतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या परिसराच्या मानकापेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतले जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. निवासी भागाचे दिवसाचे मानक ५५ आहे, म्हणजे मर्यादा ६५. ढोबळ हिशेबाने १२५ चे ६५ व्हायला मोकळ्या माळावरसुद्धा एक किलोमीटर अंतर लागते, आणि इथे पेटीपासून समोरच्या घराचा उंबरा दहा पावलांवर! मग ४० हजार वॉट नक्की कुणासाठी हवे आहेत?

यंदा दरपत्रकावर संवेदनशीलता, सलग क्षमता आणि मोजमापाचे अंतर हे तीनही आकडे लिहिलेले नसतील, तर निदान माझ्या सहीने एक रुपयाही आगाऊ मिळणार नाही, मग मंडळात कुणाला कितीही राग येवो.