हट्टी म्हणण्याआधी कान आणि झोप तपासा

बालवाडीत मूल घालायला आलेले पालक बऱ्याचदा मुलाच्या देखतच सांगतात, "ताई, हा फार हट्टी आहे हं!" मला याचं फार वाईट वाटतं. तीन वर्षांच्या पोराच्या कपाळावर एकदा शिक्का मारला की कारण शोधायला कुणी जातच नाही.

हाक मारली तर बघत नाही, टीव्ही मोठ्याने लावतो, पोरांना ढकलतो. असं मूल आलं की मी आधी विचारते, सर्दी वरचेवर होते का? रात्री तोंड उघडं टाकून घोरतो का? या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहणं अगदी सर्रास होतं. कान फुटत नाही, बरेचदा दुखतही नाही, म्हणून घरात संशयच येत नाही. शिवाय एके दिवशी बरं ऐकू येतं, एके दिवशी कमी. मग आजी म्हणते, "आइस्क्रीम म्हटलं की बरोबर ऐकू येतं!" कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे याची तपासणी काही मिनिटांत होते, दुखत नाही.

घोरण्यामागे पुष्कळदा नाकामागच्या वाढलेल्या गाठी, म्हणजे अ‍ॅडेनॉइड, असतात. झोप मोडली की मोठी माणसं पेंगतात, लहान मूल मात्र दिवसभर उधळलेलं असतं. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप हवी. रात्रीच्या मालिका संपेपर्यंत जागणाऱ्या मुलाला ती कुठून मिळणार?

रक्तही तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालच्या १०० पैकी ६७ मुलांच्या अंगात रक्त कमी निघालं. लोह कमी पडलं की मूल किरकिरतं, त्याचं कशात लक्ष लागत नाही.

तब्येत ठीक असेल, तर रडल्यावर त्याला काय मिळतं ते बघा. मोबाइल बंद केला की सुरुवातीला रडणं वाढतंच. दहा मिनिटांनी कुणी कळवळून दिला, की दहा मिनिटं रडायचं असतं एवढंच मूल शिकतं. म्हणून आजी-आजोबांशी आधी बोलून ठरवा, मगच बंद करा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मोफत तपासणी करतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. डॉक्टरांना नुसतं "ऐकत नाही" सांगू नका. कधी चिडतो, त्याआधी काय झालं होतं, किती वेळ चालतं ते सांगा. घोरत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवा.